कोऱ्या कागदावरचा गळा

राजापेठेत दुर्गाबाई वानखडे यांच्या दारावर एक पाटी होती : 'खासगी तपास. हरवलेलं शोधून मिळेल.' तिच्याखाली त्यांचे यजमान सहदेवराव यांनी बारीक अक्षरात एक ओळ जोडली होती : 'सोयरिकी जुळवून मिळणार नाहीत.' ती जोडावी लागली. पाटी लागल्यापासून पहिल्या वर्षात अकरा आया मुलींचे फोटो घेऊन आल्या, आणि चोरीची तक्रार घेऊन एकच माणूस आला. तोही चपलेची.

दुर्गाबाई वीस वर्षं तुरुंगाच्या बायकांच्या विभागात वॉर्डर होत्या. कोण खोटं बोलतं हे त्यांना कळायचंच, पण खरं बोलता बोलता कोण काय गाळतं तेही कळायचं. सहदेवराव बडनेऱ्याला मालगाडीवर गार्ड होते. शेवटच्या डब्यात बसून मागे पडलेलं स्टेशन बघण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे पेन्शनीत निघाल्यावरही त्यांना कुठलीही गोष्ट घडून गेल्यावरच कळत असे. दुर्गाबाईंचं त्यांच्यावर फार प्रेम होतं आणि त्या ते कधीच कबूल करत नसत.

सन एकोणीसशे सहासष्टच्या चैत्रातली बुधवारची दुपार होती. सहदेवराव पंख्याखाली घाम पुसत होते, तेवढ्यात इंदूबाई आत आल्या. त्या जिनिंगमध्ये सरकी वेचायला जात. केसांत अजून कापूस होता.

"बाई, माह्या धर्मपालले वाचवा," त्या दारातूनच म्हणाल्या. "त्याच्यावर आळ आला. त्यानं पेशंटचं औषध सांडलं आन् तिले साधं पानी पाजलं म्हणतात."

"बसा आधी. पानी घ्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "कोन म्हणते?"

"डाक्टर साहेब. उद्या दुपारी मुंबईचा साहेब येनार हाये. त्याच्यासमोर धर्मपालचं नाव कागदावर चढलं, का मंग त्याले हे काम कोठीच भेटनार नाई. आमच्या घरात पांढरा कोट घालनारा तो पयला मानूस हाये, बाई. मी तो कोट रोज सोता धुतो."

दुर्गाबाईंनी पायात चपला सरकवल्या.

"आयकता का," त्या यजमानांना म्हणाल्या, "टोपी घाला."

डॉ. शालिकराम हिवसे यांचा दवाखाना दोन गल्ल्या टाकून होता. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, स्वभावाने भले, पण नियमाच्या कागदाला देवासारखे भिणारे. त्यांनी दोघांना यंत्राच्या खोलीत नेलं. तिथे एक पलंग होता आणि पलंगावर एक लोखंडी हात आडवा आलेला होता. हाताच्या टोकाला शिशाचं जाड नाक होतं.

"आपल्या गळ्यात एक ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाले. "फुलपाखरू पंख पसरून बसावं तशी. तिला आयोडीन लागतं, आणि शरीरात आलेलं आयोडीन ती ओढून घेते. आम्ही पेशंटला किरणोत्सारी आयोडीन अगदी थोडं, पाण्यातून देतो. मुंबईहून शिशाच्या डब्यात बडनेऱ्याला गाडीनं येतं. दिसायला आणि चवीला साधं पाणीच. दुसऱ्या दिवशी हे नाक गळ्यावरून फिरतं. आयोडीन जिथे असेल तिथे यंत्र टिकटिकतं आणि कागदावर ठिपके पाडतं. ठिपक्यांतून ग्रंथीचं चित्र उमटतं. ग्रंथी जास्त धावत असेल तर चित्र काळंभोर."

"आन् ह्यानं दुखनं बरं होते?"

"छे! हे औषध नव्हेच. नुसती तपासणी. औषध काय द्यायचं ते चित्र पाहिल्यावर ठरतं. ह्या एवढ्याशा मात्रेनं अपाय नाही आणि उपायही नाही."

"मंग घोटाळा काय झाला?"

डॉक्टरांनी दोन कागद टेबलावर ठेवले. पहिल्यावर ठिपक्यांचं फुलपाखरू होतं. "हे पुंजाराम आजोबा, अकोल्याचे. मंगळवारी सकाळी दहाला त्यांनी ग्लास घेतला, आज सकाळी हे चित्र आलं. आणि ही शकुन, बार्शीटाकळीची. बावीस वर्षांची पोर. हात थरथरतात, छाती धडधडते, चार माणसांचं जेवते आणि काडीसारखी वाळत चालली आहे. गळ्याला बाहेरून गाठ दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून तर चित्र हवं. तिनंही दहालाच घेतलं."

दुसरा कागद कोरा होता.

"म्हणजे ह्या बाईला गळाच नाही?" सहदेवराव म्हणाले.

"तुमी जरा दम धरा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"गळ्यात नाही, पोटात नाही, मांडीत नाही," डॉक्टर म्हणाले. "शरीरात कुठेच नाही. म्हणजे आयोडीन तिच्या पोटात गेलंच नाही. मुंबईच्या अधिकाऱ्याला प्रत्येक थेंब कुठे गेला ते सांगावं लागतं. धर्मपाल चांगला मुलगा आहे. पण ग्लास त्यानं भरला, त्यानंच नेला, आणि पेशंटनं गिळेपर्यंत समोर उभं राहायचं हा त्याचा नियम. मी दुसरं काय लिहू?"

"पेशंटले सांगतलं का हे?"

"नाही. यंत्र बिघडलंय, थांबा, एवढंच सांगितलंय. माणसं घाबरतील."

धर्मपाल दारात उभा होता. चोवीस वर्षांचा, उंच, आणि तो पांढरा कोट खरंच दुधासारखा होता. दुर्गाबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"ग्लासात औषध होतं?"

"होतं, मावशी. मी ग्लास आधी यंत्राखाली धरला होता. चांगला टिकटिकला. त्याशिवाय मी नेतच नाही."

"तिनं गिळलं ते तू पाह्यलं?"

धर्मपालने मान खाली घातली. "मावशी, खरं सांगू का? नाही. त्यांनी ग्लास घेतला, पदर पुढे ओढला आणि थांबल्या. त्यांच्या घरच्या बाया परक्या माणसासमोर तोंड उघडत नाहीत. मी खिडकीकडे तोंड केलं. दहा अंक मोजले असतील. पाण्याची धार पडल्याचा आवाज आला, मला वाटलं वरून पीत असतील. वळलो तर ग्लास रिकामा. मग मी त्यात पुन्हा पाणी घातलं, कारण तळाला राहिलेलं विसळून तेही प्यायचं असतं. तेव्हाही तोंड फिरवलं. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही."

"काहून?"

"नियम मोडला ना."

"तुह्या मायनं तुले चांगलं वाढवलं, आन् त्यापायीच तू फसला," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्या वक्ती खोलीत कोन होतं?"

"फक्त त्यांच्या सासूबाई, पार्बताबाई. बाकावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. नवरा बाहेर होता."

"शकुननं तुले काई इचारलं होतं? आधी?"

धर्मपाल आठवू लागला. "सोमवारी विचारलं होतं, ह्या औषधानं गाठ बसते का म्हणून. मी घाईत होतो. म्हटलं, बसेल, काळजी करू नका. सगळे पेशंट विचारतात."

धर्मपालजवळ चहाच्या डब्याएवढी एक पेटी होती. यंत्राचंच लहान भावंड. किरणोत्सार जवळ असला की टिकटिकायचं. ती बाहेर निघताच सहदेवरावांनी वर्तमानपत्रात वाचलेला अणुबॉम्ब आठवला आणि चहा प्यायचं निमित्त करून ते निघून गेले.

शकुनला ज्या खोलीत ग्लास दिला होता तिथे धर्मपालने पेटी फिरवली. मोरी गप्प. खिडकीखालची माती गप्प. सदाफुलीची कुंडी गप्प.

"दुपारी मी हे सगळं एकदा पाहिलंय," तो म्हणाला. "फक्त ह्या बाकाच्या टोकाला थोडं टिकटिकलं होतं. रुपयाएवढी जागा. पुसून घेतलं."

"शकुन बाकावर बसली होती?"

"नाही, ती पलंगावर होती."

दुर्गाबाईंनी बाकाच्या त्या टोकावर बोट टेकवलं. दोघं व्हरांड्यात आले. चटईवर शकुनच्या घरची माणसं होती, कोपऱ्यात पुंजाराम आजोबांचं गाठोडं होतं. पेटी एकदम टिकटिकू लागली.

"ते आजोबांचं," धर्मपालने पेटी बंद केली. "कालपासून त्यांच्या गळ्यात आहे ना. इथेच बसतात ते."

दुर्गाबाईंनी एकेकाची गाठ घेतली. पहिला शकुनचा नवरा, गोवर्धन. वांगी आणि मेथी पिकवणारा, अंगानं थोराड, बोलण्यात सरळसोट.

"मी तर पयलेच म्हटलं होतं," तो म्हणाला. "अणूचं पानी हाये, पिऊ नको, फेकून दे. बॉम्ब ज्याचा करते ते मानसाले पाजते का कोनी? पन आमच्या बुढीपुढं माहं काय चालते! भावकीतले म्हणत होते, सुनेले मायेरी धाडून दे, बाहेरची बाधा हाये. बुढी म्हणे, बाधा तुमाले झाली. तिनंच गाडीत बसवून आणलं."

"तू दहा वाजता कोठी होता?"

"फाटकाबाहेर. भेवानं."

मग पार्बताबाई. भिंतीला टेकून बसलेल्या, अंगाभोवती आणि गळ्याभोवती लोकरीची शाल घट्ट गुंडाळलेली. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा सावकाश.

"माय, एवढ्या उन्हात शाल?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"थंडी वाजते वं बाई. दोन-तीन सालापासून वाजते. वय झालं."

"किती वय?"

"असन पन्नासेक."

दुर्गाबाई स्वतः चोपन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी ते गिळलं. "सुनेचं औषध तुमी पाह्यलं?"

"मी त्याले हात लावला नाई, आन् डोयानं पाह्यलंबी नाई. डोया लागला माहा. उठली तं शकुननं पानी देलं. मंग मले भूक लागली, तं त्या कोटवाल्या पोरानं आपल्या डब्यातली अर्धी भाकर देली. त्याच्या मायच्या हातची. काय भाकर होती!" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माही सून लाखात एक हाये. माह्या आधी पान्याचा घोट घेत नाई. मी किती डाव रागावली, आयकत नाई." आणि हे बोलता बोलताच त्यांची मान शालीवर कलली आणि त्या घोरू लागल्या.

शेवटी शकुन. ती घामाने भिजलेली, बोटं पदराच्या टोकाशी सारखी चाळा करणारी. शेजारी पितळी गडवा होता, घरून आणलेला, वर फुलपात्र उपडं घातलेलं. मांडीवर चांदीची सरी होती. सरी म्हणजे गळ्यालगत बसणारं ताठ कडं. यंत्राखाली जाताना तिला ती काढायला लावली होती. सरीच्या दोन्ही टोकांच्या आकड्यांना काळा दोरा बांधलेला होता, चांगला चार बोटं लांब, वापरून वापरून मऊ झालेला.

"तुही हाये?"

"आत्याबाईची. दिवाईले मले देली." सासूला ती आत्याबाई म्हणत होती. "आता मले कायची हौस, म्हणे."

"काल ग्लास तूच घेतला ना?"

"हौ. रिकामा करून भाऊले परत देला. एक थेंब सांडू देला नाई."

"चव कशी होती?"

शकुनची बोटं थांबली. "पान्यासारखीच असनार," ती म्हणाली. मग घाईने, "बाई, आनखी एक ग्लास भेटन ना मले? यंत्र बिघडलं म्हणतात, तं पुना द्याच लागन ना?"

"पाहू," दुर्गाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

फाटकातून सहदेवराव मिशीला लागलेलं तेल पुसत येत होते. "अहो, फार चांगला माणूस भेटला! पुंजाराम, अकोल्याचा. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघांनी भजी खाल्ली. तासभर गप्पा झाल्या. तो अजून तिथेच बसलाय."

दुर्गाबाई जागीच थांबल्या.

"तासभर?"

"जास्तच. का? भजी तुमच्यासाठी आणायला पाहिजे होती का?"

"तुमी आज पयल्यांदा वेळेवर आले," दुर्गाबाई म्हणाल्या. सहदेवरावांना आपण काय केलं ते कळलं नाही, पण ते खूश झाले.

पाच वाजता यंत्राच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर, धर्मपाल, इंदूबाई, शकुन, गोवर्धन आणि शालीत गुंडाळलेल्या पार्बताबाई. दुर्गाबाईंनी पितळी गडवा सोबत आणला होता.

"आमचे यजमान म्हणतात त्यांनी कोडं सोडवलं," त्या म्हणाल्या. "त्यांचं आधी आयका."

सहदेवराव घसा साफ करून उभे राहिले. "सरळ आहे. गडवा घरचा, पाणी घरचं. पार्बताबाई जुन्या वळणाच्या. धर्मपालच्या हातचं पाणी सुनेला चालणार नाही म्हणून त्यांनी ते फेकून दिलं आणि घरचं पाणी पाजलं."

इंदूबाईंचा चेहरा उतरला. असं काही ऐकायची त्यांना सवय होती, आणि ती सवय असणंच वाईट होतं. पार्बताबाई मात्र जाग्या झाल्या. "काय म्हणते हा मानूस? मी त्याच्या डब्यातली भाकर खाल्ली ना!"

"तेच," दुर्गाबाई म्हणाल्या. "जिले हाताचं पानी चालत नाई, ते बाई घंटाभरानं त्याच हाताची भाकर मागून खात नाई. आन् फेकलं म्हणता, तं कोठी फेकलं? मोरी गप, माती गप, कुंडी गप. औषध सांडलंच नाई. म्हणून धर्मपालनंबी सांडलं नाई, आन् गोवर्धनचं आयकून शकुननंबी फेकलं नाई."

"मग गेलं कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"धर्मपाल, हा गडवा यंत्राखाली ठेव."

धर्मपालने गडवा शिशाच्या नाकाखाली सरकवला. मग यंत्र टिकटिकलं. फार नाही, पण स्पष्ट. शकुनने डोळे मिटून घेतले.

"बाकाच्या टोकाले रुपयाएवढी जागा टिकटिकली," दुर्गाबाई म्हणाल्या. "ग्लासाचं बूड मोठं हाये, ह्या गडव्याचं रुपयाएवढं. धर्मपालनं खिडकीकडं तोंड केलं तवा धारेचा आवाज आला. ते धार तोंडात नाई, गडव्यात पडली. विसळलेलं पानीबी त्यातच गेलं. मंग वल्ला गडवा बाकावर टेकला. आता बाकावर कोन बसलं होतं?"

सगळ्यांनी पार्बताबाईंकडे पाहिलं. त्या मागे सरकल्या. "मी औषध पेली नाई! शपथ घेतो!"

"तुमी खरंच बोलून राहिल्या, माय. तुमी पानी पेल्या. उठल्यावर शकुननं देलेलं. तुमाले काय मालूम त्यात काय होतं!"

गोवर्धन उठून उभा राहिला. "शकुन?"

"तू बस," दुर्गाबाई तुरुंगातल्या आवाजात म्हणाल्या, आणि तो बसला. "ह्या पोरीनं मले एकदाबी म्हटलं नाई का 'मी पेली'. ग्लास रिकामा केला म्हणते, थेंब सांडू देला नाई म्हणते. चव इचारली तं म्हणते, पान्यासारखी असनार. जिनं चाखलं ते 'होती' म्हणते. पन त्याच्या आधीच मले शंका आली होती. सोमवारी तिनं धर्मपालले इचारलं, गाठ बसते का. डाक्टर साहेब, हिच्या गळ्याले गाठ हाये?"

"नाही म्हटलं ना मी."

"मंग कोनाच्या गाठीचं इचारून राहिली? आन् हे सरी पाहा. दोरा चार बोटं वाढवला हाये. हिचा गळा तं काडीवानी. हिले दोरा कायले लागते? दोरा जुना हाये, जिची सरी होती तिनं वाढवला. गळा फुगत गेला, दोरा वाढवत गेली, आन् मंग तोबी पुरेना तवा दिवाईले सुनेले देऊन टाकली. लोक म्हणाले, सासू किती चांगली! चांगली तं हायेच. पन सरी काहून सुटली ते फक्त एका मानसाले मालूम होतं. जे रोज सासूच्या डोक्याले तेल लावते तिले."

पार्बताबाईंचा हात आपसूक शालीकडे गेला.

"चैतात शाल, बसल्या बसल्या झोप, घोगरा आवाज, सुजलं तोंड. पन्नासाव्या वर्षी हे म्हातारपन नाई. मी चोपन्नची हाये, डाक्टर साहेब, मी झोपते का?"

"मुळीच नाही," सहदेवराव म्हणाले. "मलाही झोपू देत नाही."

"राह्यलं व्हरांड्यातलं. धर्मपालची पेटी तिथं जोरात टिकटिकली. तो म्हणे पुंजारामबुवा. पन पुंजारामबुवा त्या वक्ती माह्या नवऱ्यासंगं भजी खात होते, तिथं नुसतं त्यांचं गाठोडं होतं. मंग चटईवरचं कोन टिकटिकलं? शकुनच्या अंगात तं काईच नाई." दुर्गाबाईंनी पलंगाकडे बोट दाखवलं. "माय, ह्याच्यावर लेटा."

"कापनार नाई ना?" पार्बताबाईंचा आवाज लहान पोरीसारखा झाला. "माह्या मामीचा गळा कापला होता. ते वाचली नाई. म्हणून मी शकुनले देवाची आन घातली, कोनाले सांगशीन नाई."

"इथं सुरीच नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "नुसतं चित्र काढतात."

शाल सुटली. गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती, आणि दोन्ही बाजूंना पसरलेली सूज. इंदूबाईंनी पार्बताबाईंचा हात धरला आणि धरूनच ठेवला. लोखंडी हात सरकू लागला. आधी एक टिक, मग दोन, मग चुलीवर ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसा सगळा आवाज एकत्र झाला. कागदावर ठिपक्यांची एक ओळ उमटली, तिच्याखाली दुसरी. फुलपाखराचे पंख कागदाच्या कडेपर्यंत गेले. धर्मपालच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे घ्या तुमचं हरवलेलं औषध," दुर्गाबाई म्हणाल्या. "एक थेंब वाया गेला नाई."

डॉक्टरांनी कागद हातात घेतला. ते आता मघाचे घाबरट डॉक्टर राहिले नव्हते. समोर दुखणं होतं आणि त्यांना ते कळत होतं. "ह्या ग्रंथीला वर्षानुवर्षं आयोडीन पुरलेलं नाही. उपाशी आहे ती. म्हणून फुगली, म्हणून मिळेल ते ओढून घेतलं. आणि तरी तिचं काम पुरं होत नाही, म्हणून थंडी आणि झोप. बाई, कापायची काही गरज दिसत नाही. रोज एक गोळी. वर्षभरात ओळखू येणार नाही तुम्ही."

मग ते शकुनकडे वळले. "पण मुली, हे औषध नव्हतंच! ह्यानं गाठ बसत नाही."

"ह्या भाऊनं म्हटलं होतं बसते," शकुन म्हणाली आणि रडू लागली. "आत्याबाई डाक्टरले गळा दाखवत नव्हत्या. मी कोनाले सांगू शकत नव्हती. मले वाटलं, मुंबईचं औषध हाये, आधी त्यांले देऊ. आमच्या घरी काईबी आलं का पयलं त्यांचं. मले दुसऱ्या दिवशी भेटनच म्हटलं. ह्या भाऊची नोकरी जाते हे मले कोनी सांगतलं नाई हो! सांगतलं असतं तं मी आन मोडली असती."

"चूक माझी आहे," धर्मपाल म्हणाला. "मी घाईत 'बसेल' म्हणालो, आणि तोंड फिरवलं. साहेब, तेवढं तुम्ही लिहा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "लिहीन. आणि हेही लिहीन, की पेशंटला नीट समजावून न सांगणारा मी, आणि बायकांच्या खोलीत बाई न ठेवणाराही मीच. औषध सांडलं नाही, हरवलं नाही, त्याचं चित्र सोबत जोडलं आहे. मुंबईच्या साहेबाला थेंब कुठे गेला एवढंच हवं असतं. धर्मपाल, उद्याचा ग्लास तूच भरायचा."

इंदूबाई पुढे आल्या. त्यांनी मुलाच्या कोटाची कॉलर सरळ केली. ती सरळच होती.

गुरुवारी सकाळी सगळे पुन्हा त्याच खोलीत होते. धर्मपालने ग्लास यंत्राखाली धरला, टिकटिक ऐकली आणि तो शकुनच्या हातात दिला. शकुनने पदर ओढला. धर्मपाल सवयीनेच खिडकीकडे वळला, आणि दुर्गाबाईंनी त्याला खांद्याला धरून पुन्हा समोर फिरवलं.

शकुन ग्लास घेऊन तशीच बसली. तिची नजर सासूकडे गेली. पार्बताबाई रात्रभर सुनेला रागावल्या होत्या आणि मध्ये मध्ये रडल्याही होत्या. आता त्यांनी गडवा उचलला, पदराखाली घेतला आणि त्यावर दोन्ही हात घट्ट ठेवले.

"माह्याकडं काय पायतं?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आज पयला घोट तुहा. पे. मी जागी हाये."

शकुनने ग्लास तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.